महाशीरचं रक्त आणि देहूचं पाणी

मासळी बाजारातलं जाणतं गिऱ्हाईक आधी माशाचा कल्ला उचलून बघतं. आत लालभडक असेल तर मासा ताजा. फिकट किंवा तपकिरी दिसला, की पाय पुढच्या पाटीकडे वळतात. या सवयीमागे शरीरशास्त्र आहे. कल्ल्याच्या झाकणाखाली दोन्ही बाजूंना चार-चार कमानी असतात. कमानींवर पातळ पाकळ्यांच्या रांगा, आणि त्या पाकळ्यांवर साध्या डोळ्यांना न दिसणारे पापुद्रे. तिथे रक्त आणि पाणी यांच्यात अतिशय पातळ पडदा तेवढा उरतो. माशाचं रक्त बाहेरच्या जगाच्या इतकं जवळ दुसरीकडे कुठेच येत नाही.

इंद्रायणीकाठी देहूच्या घाटावर मात्र कल्ला उचलून बघण्याचा प्रश्न येत नाही. इथल्या डोहातले मासे देवाचे. ते मारायचे नाहीत, चुरमुरे आणि कणकेच्या गोळ्या घालायच्या, ही जुनी रीत. त्यांतला मानाचा मासा महाशीर. त्याच्या दख्खनी जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९ मध्ये केलं, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. आज ती जात ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखली जाते. महाड तालुक्यात वाळणकोंडीतही देवीचे मासे म्हणून महाशीर राखले आहेत. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास केली. म्हणजे इंद्रायणीच्या उगमाकडे या माशाची पिल्लं वाढवली गेली आणि खाली देहूत श्रद्धेने त्याला अभय दिलं. असं भाग्य फार थोड्या माशांच्या वाट्याला येतं.

तरीही देहूत मेलेले मासे काठाला लागल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आल्या आहेत. गळ नाही, जाळं नाही, मग मासे मरतात कशाने? उत्तर त्यांच्या रक्तात शोधावं लागतं.

माशाच्या हृदयात मुख्य कप्पे दोनच, एक अलिंद आणि एक निलय. निलयातून निघालेलं रक्त थेट कल्ल्यांत जातं आणि तिथून हृदयाकडे न परतता तसंच अंगभर फिरतं. कल्ल्यांतल्या बारीक वाहिन्यांतून जाताना त्याचा दाब बराच उतरतो. उरलेल्या दाबावर शेपटीपर्यंतचा प्रवास. तुकोबांच्या पालखीचा रथ ओढणाऱ्या बैलाचं तसं नाही. त्याच्या हृदयात चार कप्पे असतात. उजवी बाजू हलक्या दाबाने रक्त फुप्फुसांत पाठवते, ते हृदयात परत येतं आणि डावी बाजू त्याला नव्या जोराने अंगभर ढकलते. रोटी घाट चढताना बैलाच्या स्नायूंना प्राणवायू पुरतो तो या दुसऱ्या जोरामुळे.

माशाला आणखी एक अडचण आहे. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम सहा. इतक्या तुटपुंज्या साठ्यावर जगायचं तर एक थेंबही वाया घालवून चालत नाही. म्हणून कल्ल्यांत पाणी ज्या दिशेने वाहतं, त्याच्या बरोबर उलट दिशेने रक्त वाहतं. जवळजवळ भरलेल्या रक्ताला ताजं पाणी भेटतं, रिकाम्या रक्ताला वापरलेलं पाणी. घेण्यासारखं काही ना काही शेवटपर्यंत उरतंच. काही मासे पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत प्राणवायू असा काढून घेतात. आपली फुप्फुसं हवेतला चौथा हिस्सासुद्धा क्वचितच घेतात. मला जीवशास्त्रातली ही सर्वांत देखणी रचना वाटते.

पण पाण्यातच प्राणवायू नसेल तर ही करामत काय कामाची? सांडपाणी नदीत आलं की ते कुजवणारे जीवाणू प्राणवायू खातात. उन्हाळ्यात धार बारीक होते, पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. कुजण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड रक्त आम्ल करतो आणि माशाच्या हिमोग्लोबिनची प्राणवायू धरण्याची ताकद घटवतो. अमोनिया आणि साबणाचा फेस यांनी कल्ल्यांचे पापुद्रे सुजतात. नायट्राइटचं काम आणखी वाईट. ते कल्ल्यांतूनच रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप असं बदलतं, की त्याला प्राणवायू धरताच येत नाही. रक्त तपकिरी होतं. मग आजूबाजूला प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रात ‘आइसफिश’ नावाचे मासे आहेत. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन नाहीच. ते पांढुरकं, पाण्यासारखं दिसतं. गोठायला आलेल्या पाण्यात इतका प्राणवायू विरघळतो की मोठं हृदय आणि भरपूर रक्त एवढ्यावर त्यांचं भागतं. रक्त पाण्याच्या मापाने बेतलेलं असतं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. महाशीरचं रक्त खळाळत्या, खडकाळ नदीच्या मापाचं आहे.

बिघडलेल्या पाण्याच्या मापाचं रक्तही असतं. चिलापी ही मासळी अगदी थोड्या प्राणवायूवर तग धरते. खेकड्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असलेलं हिमोसायनिन असतं. प्राणवायू मिळाला की ते निळसर होतं. हे रक्त बंद नळ्यांतून न फिरता अवयवांभोवती मोकळं खेळतं. शिवाय पाणी फारच बिघडलं तर खेकडा काठावर निघून येऊ शकतो. आणि तळाच्या काळ्या गाळात बोटभरही नसलेल्या, रक्तासारख्या लाल अळ्या वळवळतात. मत्स्यालयाच्या दुकानात त्या ‘ब्लडवर्म’ म्हणून मिळतात. कीटकांना सहसा हिमोग्लोबिन नसतं, कारण त्यांच्या शरीरात हवा नळ्यांतून थेट पेशींपर्यंत पोचते. न चावणाऱ्या चिलटांच्या या अळ्या मात्र अपवाद. त्यांचं हिमोग्लोबिन प्राणवायू इतका घट्ट धरून ठेवतं, की भोवती तो जवळजवळ संपल्यावरच सोडतं. ज्या डोहात महाशीर कमी आणि लाल अळ्या जास्त, त्या डोहाची तब्येत प्रयोगशाळेत न जाताही कळते.

सरकारी निकषाप्रमाणे आंघोळीयोग्य नदीत लिटरमागे किमान पाच मिलिग्रॅम प्राणवायू हवा. तुकाराम बीजेला आणि पालखीच्या वेळी लाखो माणसं ज्या पाण्यात उतरतात, त्याचा हा आकडा घाटावर रोज लिहिलेला असावा, असं मला मनापासून वाटतं. मात्र तो पहाटे मोजलेला हवा. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं आणि दुपारचा आकडा फुगतो. रात्रभर शेवाळ, जीवाणू आणि मासे सगळेच तो वापरतात, आणि उजाडण्याच्या सुमाराला तो तळाला जातो. मासे पृष्ठभागावर तोंड काढून आचके देऊ लागतात ते त्याच वेळी.