कैद्यांच्या सेवेची खतावणी

अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे खास सल्लागार चार्ल्स कोल्सन १९७४ साली गजाआड गेले, तेव्हा हळहळणारे फार नव्हते. व्हाइट हाउसमधली नको ती कामं बिनदिक्कत पार पाडणारा माणूस, अशीच त्यांची ओळख होती. न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचा गुन्हा त्यांनी कबूल केला आणि सात महिने कैदेत काढले, त्यांतला काही काळ अलाबामातल्या मॅक्सवेल तुरुंगात. त्याआधीच ते ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले होते. शिक्षा कमी व्हावी म्हणून केलेलं हे सोंग आहे, असं पुष्कळांनी बोलून दाखवलं.

बाहेर आल्यावर १९७६ मध्ये त्यांनी कैद्यांच्या सेवेसाठी ‘प्रिझन फेलोशिप’ ही संस्था काढली. पहिलं भांडवल त्यांच्या आत्मकथनाच्या मानधनाचं. पुढे १९९३ मध्ये त्यांना टेम्पल्टन पारितोषिक मिळालं, तेव्हा दहा लाख डॉलरच्या वरची ती रक्कमही त्यांनी संस्थेलाच दिली. संस्थापकाच्या चारित्र्यावरच प्रश्नचिन्ह असेल, तर पैशाचा हिशेब इतरांपेक्षा अधिक स्वच्छ ठेवावा लागतो. त्यातून ही सेवा अशी, की दात्याला ती डोळ्यांनी दिसत नाही. अनाथाश्रमात जाऊन मुलं पाहता येतात, तुरुंगाचं फाटक मात्र देणगीदारासाठी उघडत नाही. त्याच्या हाती येतो तो अहवाल.

हा अहवाल कोण तपासतं? अमेरिकेत देणगीवर करसवलत घेणाऱ्या बहुतेक संस्थांना आयकर खात्याकडे दरवर्षी ‘फॉर्म ९९०’ भरावा लागतो. त्यात उत्पन्न, खर्च, विश्वस्तांची नावं आणि वरिष्ठांचे पगार असतात, आणि तो कुणालाही पाहता येतो. गंमत अशी, की चर्चला यातून सूट आहे. ‘फोकस ऑन द फॅमिली’सारख्या काही मोठ्या धार्मिक संस्थांनी अलीकडच्या काळात स्वतःची नोंद ‘चर्च’ अशी करून घेतली आणि तो फॉर्म भरण्यातून मोकळ्या झाल्या. त्याखेरीज स्वनियमनाची एक व्यवस्थाही आहे. धार्मिक देणग्यांवर कायदा आणण्याची भाषा काँग्रेसमध्ये सुरू झाली, तेव्हा इव्हँजेलिकल संस्थांनीच १९७९ मध्ये एकत्र येऊन ‘इसीएफए’ ही परिषद स्थापन केली. सदस्य संस्थेचं मंडळ किमान पाच जणांचं हवं, त्यात बहुसंख्य बाहेरचे हवेत आणि हिशेब तपासलेले हवेत, या तिच्या अटी आहेत. दहाच वर्षांत, १९८९ मध्ये, दूरचित्रवाणीवरचे प्रवचनकार जिम बेकर हे दात्यांना फसवल्याबद्दल दोषी ठरले, तेव्हा अशा नियमांची गरज कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

पण प्रिझन फेलोशिपची खरी परीक्षा झाली ती कुणी पैसे खाल्ले म्हणून नव्हे. प्रश्न होता पैसा कुणाचा, हा.

आयोवा राज्यातल्या न्यूटनच्या तुरुंगात १९९९ पासून संस्थेचा ‘इनरचेंज’ हा उपक्रम चाले. एक अख्खा विभाग त्याला दिलेला. तिथल्या खोल्यांना लाकडी दारं, किल्ली कैद्याच्याच हाती. दिवसभर बायबलवर आधारलेले वर्ग. खर्चाचा काही भाग सरकार उचलत असे, आणि तो आला कुठून? काही रक्कम कैद्यांच्या फोन कॉलवरच्या वसुलीतून जमलेल्या निधीची होती. म्हणजे कुणा आईने तुरुंगातल्या मुलाशी बोलताना मोजलेले पैसे त्याच तुरुंगातल्या धर्मशिक्षणाकडे वळत होते, मग ती आई त्या धर्माची असो वा नसो. सरकारी पैशातून धर्मशिक्षण दिलं जातं, म्हणून या उपक्रमावर खटला झाला, तेव्हा त्या निधीत पैसे भरणारे काही जणही कोर्टात वादी म्हणून उभे राहिले.

संस्थेचा बचाव हिशेबनिसाला शोभेल असा होता. सरकारचे पैसे फक्त ‘धर्मेतर’ भागावर खर्च होतात, बाकीचं देणगीतून. कर्मचाऱ्यांचा वेळसुद्धा टक्केवारीने वाटलेला. न्यायाधीश रॉबर्ट प्रॅट यांना हे पटलं नाही. ज्या वर्गात रागावर ताबा मिळवण्याचा धडाही ख्रिस्तवचनातूनच दिला जातो, तिथे धर्म कुठे संपतो आणि समुपदेशन कुठे सुरू होतं, हे कोणत्या रकान्यात लिहिणार? जून २००६ मध्ये त्यांनी उपक्रम घटनाबाह्य ठरवला आणि पंधरा लाख डॉलरच्या वर रक्कम परत करण्याचा आदेश दिला. डिसेंबर २००७ मध्ये अपील न्यायालयाने मूळ निर्णय कायम ठेवला, मात्र परतफेड प्रॅट यांच्या निकालानंतर मिळालेल्या पैशापुरतीच ठेवली. त्या पीठावर सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या सँड्रा डे ओ’कॉनर होत्या.

आपल्याकडे रकान्यांचा हा पेच वेगळ्या रूपात भेटतो. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानुसार चर्चच्या न्यासापासून गावच्या देवस्थानापर्यंत सगळ्यांना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करून हिशेब तपासून घ्यावे लागतात, तिथे चर्चला वेगळा न्याय नाही. परदेशी देणगी आली, तर तिच्यासाठीच्या वेगळ्या केंद्रीय कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. वरवर पाहता छान. पण कैद्यांमधलं काम म्हणजे माणसाने माणसाशी बोलणं. तिथे इमारत नाही, यंत्र नाही, खर्च बहुतांशी पगार आणि प्रवास यांचाच. कार्यालयीन खर्च कमी दिसला म्हणजे संस्था चांगली, ही दात्यांची समजूत इथे फसवी ठरते.

आणि पैशाइतकाच अवघड हिशेब असतो निकालाचा. ‘इनरचेंज’ची सुरुवात १९९७ मध्ये टेक्ससमध्ये झाली होती. तिथल्या कैद्यांचा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून अभ्यास झाला आणि २००३ मध्ये आकडा गाजला: उपक्रम पूर्ण केलेल्यांपैकी दोन वर्षांत पुन्हा तुरुंगात गेले फक्त ८ टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर कैद्यांत हे प्रमाण २० टक्के. कोल्सन व्हाइट हाउसमध्ये जाऊन अध्यक्ष बुश यांना भेटले, या वेळी अभिमानाने.

त्यावर मार्क क्लाइमन या धोरण-अभ्यासकाने साधा प्रश्न विचारला: ‘पूर्ण केलं’ म्हणजे काय? तर तुरुंगातला काळ, सुटल्यावरची देखरेख, शिवाय बाहेर नोकरी टिकवणं आणि चर्चला जात राहणं. ज्याला नोकरी टिकवता आली तो पुन्हा तुरुंगात गेला नाही, यात श्रेय नोकरीचं की उपक्रमाचं? सुरुवात केली होती १७७ जणांनी, या चाळणीतून उरले ७५. सगळे १७७ धरले, तर परत गेलेल्यांचं प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे तुलनेच्या गटापेक्षा थोडं जास्तच. अभ्यासकांनी लपवलं काहीच नव्हतं. उरलेले १०२ जण त्याच अहवालातल्या तक्त्यात आहेत. गाजावाजा झाला तो आठ टक्क्यांचा.