गुडघ्याच्या सांधेबदलापूर्वीची तयारी

गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. ते झिजले की हाडावर हाड घासू लागते, चालताना कळ येते आणि देवळाच्या चार पायऱ्या चढणेही नकोसे होते. औषधे व व्यायाम यांचा उपयोग होईनासा झाल्यावर शल्यविशारद सांधेबदल सुचवितात. या शस्त्रक्रियेत संपूर्ण गुडघा काढून टाकतात, असा समज खेडोपाडी आढळतो. वस्तुतः हाडांची झिजलेली टोके तेवढी तासून त्यांवर धातूचे आवरण बसवितात व मध्ये टणक प्लास्टिकची चकती ठेवतात. असा सांधा बहुधा 15 ते 20 वर्षे टिकतो.

शस्त्रक्रिया एक-दोन तासांची असली, तरी तिचे यश आधीच्या दीड-दोन महिन्यांतील तयारीवर पुष्कळसे अवलंबून असते. सर्वांत मोठे भय जंतुसंसर्गाचे. कृत्रिम सांध्यावर एकदा जंतू बसले की ते औषधांना सहजासहजी दाद देत नाहीत; प्रसंगी तो सांधा काढून दुसरा बसवावा लागतो. किडलेला दात, लघवीची जळजळ, भातशेतीत राबणाऱ्यांच्या पायाच्या बोटांमधील चिखल्या, टाचेच्या भेगा यांचा गुडघ्याशी काय संबंध, असे वाटून रुग्ण त्या डॉक्टरांना सांगत नाहीत. संबंध आहे, आणि या तक्रारी आधी बऱ्या करून घेणे अगत्याचे आहे. गुडघ्यावरील केसही घरी वस्तऱ्याने काढू नयेत. बारीक ओरखड्यांतून जंतू आत शिरतात.

मधुमेहींनी केवळ आदल्या दिवसाची साखर पाहून निश्चिंत राहू नये. मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखविणाऱ्या रक्ततपासणीत प्रमाण 8 टक्क्यांहून अधिक आढळल्यास अनेक शल्यविशारद शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. त्यात रुग्णाची उपेक्षा नसून त्याचे हितच असते. विडी व तंबाखू किमान चार आठवडे आधी सोडावी. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि चालूही ठेवू नयेत, डॉक्टरांना विचारावे. गुडघेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. अशी पुडी घेतली असल्यास, किंवा गेल्या तीन महिन्यांत गुडघ्यात इंजेक्शन घेतले असल्यास, संकोच न करता सांगावे.

मांडीचे स्नायू बळकट असले तर नवा सांधा लवकर चालता होतो. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, ती पाच सेकंद दाबून धरावी व सोडावी. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे.

खर्चाविषयी एक गोष्ट ठाऊक असावी. केंद्र शासनाने 2017 साली कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरवून दिल्या. तेव्हा बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखविण्याचा आग्रह धरावा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असणाऱ्यांनी त्याची मुदत तपासून, ही शस्त्रक्रिया त्यात कोठे व कितपत बसते याची रुग्णालयात आधीच चौकशी करावी.

शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णास वॉकरच्या आधाराने चालवितात. पाटावर बसणे व उकिडवे बसणे मात्र बहुधा कायमचे वर्ज्य होते. म्हणून कमोडची खुर्ची, उंच खाट व न्हाणीघरात धरण्यास दांडी यांची सोय आधीच करावी. उंच जोत्याच्या जुन्या घरात पायऱ्यांना कठडा हवा. रुग्ण घरातील कर्ती स्त्री असेल, तर पुढील दीड महिना चुलीपाशी कोण उभे राहणार, हेही ठरवून ठेवावे. ही बाब रुग्णालयाच्या सूचनापत्रात सहसा नसते.