चुकलेला कट वाचताना

रेडियमच्या दुकानात काम अडलं की पहिला संशय मशीनवर जातो, आणि बहुतेक वेळा मशीन निर्दोष असतं. कटिंग प्लॉटरची रचना मुळात साधी आहे. स्टिकरचा रोल पुढेमागे सरकवणारा खरखरीत रोलर, डावीउजवीकडे धावणारं कॅरेज आणि त्यातल्या होल्डरात बसवलेलं टंगस्टन कार्बाइडचं ब्लेड. त्या ब्लेडचं मिलिमीटरपेक्षाही कमी टोक बाहेर असतं. दोन मोटारी, ब्लेड खाली दाबणारी एक कॉइल, एक बोर्ड, संपलं. बिघाड होतो तो जोडांमध्ये: संगणक आणि मशीन यांच्यामध्ये, नाहीतर ब्लेड आणि रोल यांच्यामध्ये. चुकलेला कट बघून तो जोड नेमका ओळखणारा माणूस हाच या धंद्यातला खरा कारागीर. आपण त्याला 'स्टिकरवाला' म्हणून मोकळे होतो, याचं मला वाईट वाटतं.

मशीनला चित्र कळत नाही. ह्यूलेट-पॅकार्डनं 1970च्या दशकात आपल्या पेन प्लॉटरसाठी एचपीजीएल नावाची आज्ञांची भाषा तयार केली. त्या प्लॉटरला शाईचं पेन असे आणि त्यावर नकाशे नि यंत्रांचे आराखडे निघत. पुढे पेनाच्या जागी ब्लेड आलं, पण भाषा तीच राहिली. 'पीयू' म्हणजे पेन वर, 'पीडी' म्हणजे पेन खाली आणि पुढे जागेचे आकडे. एका मिलिमीटरला 40 एककं. बाजारातली बहुतेक स्वस्त मशीनं आजही हीच भाषा समजतात. म्हणजे दुकानदार 'फाईल पाठवली' म्हणतो तेव्हा केबलमधून जात असते ती फक्त 'उचल, सरक, टेकव, सरक' अशी लांबलचक माळ. यातलं एक 'उचल' हरवलं, तर ब्लेड रोलवर टेकलेलंच राहतं आणि तयार अक्षरांवरून सरळ रेघ ओढत पुढच्या जागी जातं.

हे लक्षात ठेवलं की चुका बोलायला लागतात. फाईल पाठवताच मशीन वेडंवाकडं धावलं, किंवा नुसतं गुरगुरून थांबलं, तर बॉड रेट जुळलेला नाही असं समजावं. सीरियल पोर्टवर दोन्ही बाजूंनी एकाच वेगानं बोलावं लागतं. बऱ्याच मशीनांवर तो 9600 असतो, काहींवर 38400. संगणक एका वेगानं बोलला आणि मशीननं दुसऱ्या वेगानं ऐकलं, तर प्रत्येक आज्ञेचा कचरा होतो. छोटं काम बिनचूक निघतं आणि मोठं काम अर्ध्यावर बिघडतं, तेव्हा मात्र दोष वेगळा असतो. ब्लेडच्या वेगापेक्षा आज्ञा कितीतरी लवकर येतात, म्हणून मशीन त्या आपल्या मेमरीत साठवतं आणि मेमरी भरली की संगणकाला 'थांब' अशी खूण करतं. या खुणेला फ्लो कंट्रोल म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये तो बंद असेल किंवा चुकीचा निवडलेला असेल, तर संगणक खूण न मानता पाठवतच राहतो आणि मधल्या आज्ञा वाया जातात. दोन इंचांचा स्टिकर त्या मेमरीत मावतो, म्हणून तो बरोबर येतो. टेम्पोच्या मागची चार फुटी ओळ बिघडते आणि दोष रोलला मिळतो.

नव्या संगणकांना सीरियल पोर्ट नसतो, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर लागतो. यूएसबीवाल्या स्वस्त मशीनांच्या आतही बऱ्याचदा अशीच चिप बसवलेली असते. पुण्यात असे कन्व्हर्टर तपकीर गल्लीत सहज मिळतात. दिसायला सगळे सारखे, पण आतली चिप वेगळी असते: एफटीडीआयची, प्रोलिफिकची किंवा सीएच 340. विंडोजनं प्रोलिफिकचा नवा ड्रायव्हर स्वतःहून बसवला आणि चिप जुनी किंवा नकली निघाली, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि 'कोड 10' दिसतो. 2014 साली एफटीडीआयचा एक ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला होता. त्यानं नकली चिपांची ओळखच पुसली आणि जगभर चालती यंत्रं गप्प झाली. टीका झाल्यावर कंपनीनं तो मागे घेतला. नकली मालाचं समर्थन मी करणार नाही. पण आपल्या मशीनमध्ये कुठली चिप आहे हे गिऱ्हाईकाला कळायचा मार्गच नसताना त्याचं काम बंद पाडणं हा अन्यायच होता.

म्हणूनच फोनवर सल्ला देणारा जाणता माणूस आधी म्हणतो, "भाऊ, कॉम पोर्ट बघ." केबल काढायची, डिव्हाइस मॅनेजरच्या यादीतून कुठलं नाव गेलं ते बघायचं, पुन्हा लावून आलेला नंबर सॉफ्टवेअरमध्ये भरायचा. तोच कन्व्हर्टर शेजारच्या भोकात लावला की विंडोज त्याला नवा नंबर देऊ शकतं. काल चाललेलं मशीन आज 'सापडत नाही' त्यामागे अनेकदा एवढंच असतं. जुनं सॉफ्टवेअर पहिले चारच पोर्ट ओळखत असेल, तर पोर्टच्या सेटिंगमध्ये जाऊन नंबर हातानं खाली आणावा लागतो. आणि केबल लावायचं भोक एकदा ठरवून त्यावर खूण करून ठेवावी.

काम मध्येच थांबतं, तेही कोरड्या हवेत जास्त, तेव्हा अर्थिंग तपासावं. रोल रोलरवरून भरभर सरकताना स्थिर वीज साठते आणि ती जमिनीत जायला वाट नसेल तर यूएसबीचा संपर्क तोडते. गाळ्यात दोन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड आणि मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या, हे दोन्ही असेल तर सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नये, वायरमनला बोलवावं. यूएसबी केबलही पाच मीटरच्या आतली हवी, जितकी आखूड तितकी चांगली.

पण सगळ्यात बारकाईचं काम आपल्या लिपीचं आहे. 'गणेश' असं टाइप केलं की फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची शिरोरेघ घेऊन येतं आणि शेजारच्या शिरोरेघेवर केसभर चढतं. छपाईत काळ्यावर काळं येतं, म्हणून ते दिसत नाही. ब्लेडला रंग कळत नाही, फक्त कड कळते. जिथे दोन अक्षरं एकमेकांवर चढली तिथे ते दोन्ही कडा कापतं, आणि सोलायला घेतल्यावर शिरोरेघेचे तुकडे हातात येतात. काना वेगळा, मात्रा वेगळी. रोमन अक्षरं सुटी असल्यामुळे तिथे ही अडचण फक्त वळणदार, जोडून लिहिलेल्या फॉन्टमध्ये येते. आपल्याकडे ती प्रत्येक शब्दात आहे. उपाय असा: कोरलड्रॉमध्ये मजकूर कर्व्हमध्ये बदलायचा, सगळा निवडून वेल्ड करायचा आणि वायरफ्रेममध्ये बघायचं, की 'गणेश'च्या माथ्यावर आता आडवी एकच अखंड कड आहे, मध्ये एकही उभी चीर नाही. वेल्ड केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळी ठेवायची. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधलं काम दुसऱ्या दुकानात पाठवायचं असेल तर कर्व्ह करूनच पाठवावं, नाहीतर तिथे अक्षरांच्या जागी भलतंच उमटतं. लहान अक्षरांतला अनुस्वार हा तर कायमचा घोर. ब्लेड थोडं बोथट असलं की तो ठिपका कापला न जाता ओढला जातो आणि 'रंग'चा 'रग' होतो.

ब्लेड आणि रोलच्या जोडाकडे येऊ. रोलला तीन थर असतात: वरचा रंगीत पीव्हीसीचा पापुद्रा, डिंक आणि खालचा सिलिकॉन लावलेला कागद. साधा पापुद्रा 70-80 मायक्रॉनचा. ब्लेडनं पापुद्रा आणि डिंक कापायचा, कागदावर फक्त पुसट ओरखडा सोडायचा. नव्या रोलवर आधी टेस्ट मारायची ती यासाठी. कोपऱ्यात छोटा चौकोन कापून सोलायचा आणि खालच्या कागदावर नखानं चाचपायचं. कोपरे गोल आले तर सॉफ्टवेअरमधला ऑफसेट, म्हणजे ब्लेडचं टोक मध्यापासून जेवढं बाजूला असतं ते अंतर, कमी आहे, कोपऱ्याला शिंगं फुटली तर जास्त, साधारण 0.25 मिलिमीटरवर तो बसतो. एका दिशेला स्वच्छ कट आणि दुसऱ्या दिशेला फाटलेली कड आली, तर ब्लेड होल्डरात फिरत नाही. आत डिंक आणि कतरण साठलेली असते. होल्डर साफ करून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला की बहुतेकदा नवं ब्लेड घ्यावं लागत नाही. लांब कामात रोल तिरका जात असेल तर दोन्ही बाजूंचे दाबरोलर खरखरीत भागावर आलेत का, ते बघावं. रोल पत्र्याखाली उन्हात ठेवू नये, कडेनं डिंक सुटतो. पावसाळ्यात कागद ओल धरून वाकतो, म्हणून उरलेला रोल पिशवीत गुंडाळून उभा ठेवावा.

या दुकानांचं हुकमी काम नंबरप्लेटचं होतं. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्या उच्च सुरक्षा पाटी लावूनच येतात आणि पुढे महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. 4141चं 'दादा' आणि 8055चं 'बॉस' करणाऱ्या पाट्या गेल्या ते बरंच झालं, त्या वाचता येत नव्हत्या. पण त्याच दुकानांत नियमात बसणाऱ्या सरळ पाट्याही होत असत आणि ती कमाईही गेली. आता दुकानं चालतात ती काचेवरची नावं, मंडळांचे फलक आणि टी-शर्टवर गरम दाबून चिकटवायचं व्हिनाइल यांवर. टी-शर्टचं व्हिनाइल कापताना अक्षरं उलटी करावी लागतात. लेझर मशीन घेऊन हे सगळं भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. पीव्हीसी जळताना क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, जो माणसाच्या फुफ्फुसाला आणि मशीनलाही खातो.

आणि एक काम असं आहे की ते आणखी वाढावं असं मला मनापासून वाटतं. गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालतात, मागून दिवा नसलेल्या. त्यांच्यावर लावायची चकाकणारी शीट याच मशीनांवर कापता येते. त्या शीटमध्ये काचेचे अतिसूक्ष्म मणी असतात, ब्लेड लवकर झिजतं. त्यासाठी 60 अंशांचं ब्लेड, जास्त फोर्स आणि कमी स्पीड ठेवायचा. आणि ते ब्लेड त्याच कामासाठी बाजूला ठेवायचं, साध्या रोलला पुन्हा लावायचं नाही.