चौतिसाव्या वर्षीचं रौप्य

सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन सर्जेराव खिलारी यांनी 4 सप्टेंबर 2024 रोजी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये हाताला व्यंग असलेल्यांच्या एफ46 गटात 16.32 मीटर गोळा फेकला, आशियाई विक्रम केला आणि रौप्यपदक मिळवलं. पुरुषांच्या गोळाफेकीत भारताला पॅरालिम्पिक पदक मिळालं ते जोगिंदरसिंग बेदींच्या 1984 मधल्या पदकानंतर, चाळीस वर्षांनी. त्या दिवशी खिलारी चौतीस वर्षांचे होते. कौतुकाच्या भरात वयाचा हा आकडा मागे पडला. मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गोळाफेकपटू पिकतो उशिरा, आणि आपल्याकडचा आधार मात्र कॉलेजबरोबर संपतो.

उशीर का लागतो, हे या खेळाच्या गणितातच आहे. 2.135 मीटर व्यासाच्या वर्तुळात सगळी ताकद पायांतून कमरेत, कमरेतून खांद्यात आणि शेवटी बोटांत उतरवायची असते. सोळा मीटरच्या फेकीत गोळा सुटण्याचा वेग एक टक्क्याने वाढला, तर अंतर पाव मीटरच्या आसपास वाढतं. पॅरिसमध्ये कॅनडाच्या ग्रेग स्ट्यूअर्टचं सुवर्ण 16.38 मीटरचं होतं, क्रोएशियाच्या लुका बाकोविचचं कांस्य 16.27 चं. तिघांमध्ये अकरा सेंटिमीटरचं अंतर, म्हणजे वेगातला अर्ध्या टक्क्याहून कमी फरक! असा फरक एका हंगामात भरून निघत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं तीच हालचाल घोटावी लागते. दिव्यांगांच्या स्पर्धेत चुरस कमी असते, असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. शिवाय वर्गवारी हाताच्या व्यंगाची होते, उंचीची नाही. स्ट्यूअर्टची उंची 2.18 मीटर आहे आणि तेवढ्या उंचीवरून सुटलेला गोळा आपसूकच लांब जातो; ती उणीव इतरांना सरावानेच भरून काढावी लागते.

लहानपणी सायकलवरून पडल्यानंतर खिलारींचा डावा हात कायमचा अधू झाला. त्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, भालाफेकीत खांदा दुखावल्यावर गोळा हाती घेतला, स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना शिकवलं. 2023 आणि 2024 ची जागतिक सुवर्णपदकं त्यानंतरची. शिक्षण आणि शिकवण्याचं काम हाताशी होतं म्हणून ही वाट निभावली. ज्याच्याकडे ते नाही, तो पंचविशीतच गोळा खाली ठेवतो. सरकार खेळाडूंना नोकऱ्या देतंच की, असं कोणी म्हणेल. देतं, आणि ते चांगलंच आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या धावपटू ललिता बाबर यांना राज्याच्या सेवेत नेमणूक मिळाली, पण रिओ ऑलिम्पिकची अंतिम फेरी धावल्यानंतर. तिथवर पोचण्याआधीच्या दहा वर्षांचं काय? प्रत्येक होतकरू पोराला पोसायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. पण पूर्ण पगाराची गरजही नाही. सातारा-सांगलीत साखर कारखाने आहेत, सहकारी बँका आहेत, शिक्षणसंस्थांचं जाळं आहे. त्यांनी राज्य पातळीवर चमकलेल्या फेकपटूंना, दिव्यांग खेळाडूंना तर आधी, अर्धवेळ काम आणि सरावाला मोकळा वेळ द्यावा. एका संस्थेने एक खेळाडू घेतला तरी या हंगामापासून सुरुवात होईल.