धुक्यातली वाट आणि बारावीचे वर्ष

डिसेंबर-जानेवारीत पिशोरची सकाळ उशिरा उघडते. अंजना नदीच्या काठावर धुके बसलेले असते, अद्रकीच्या शेतातल्या पानांवर दव असते आणि मशिदीतून फजरची नमाज पढून बाहेर पडणाऱ्यांना चार पावलांपुढचा माणूस दिसत नाही. याच धुक्याने गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात मोठा वाद उभा केला.

आमचा मुलगा बारावी विज्ञान शाखेत. फजरनंतर तो मोबाईल घेऊन शेताच्या वाटेने निघायचा आणि धुक्यातली बाभळ, विहिरीवरचा मोट नसलेला जुना दगडी थारोळा, बैलांच्या नाकातून निघणारी वाफ असे फोटो काढायचा. फोटो चांगले असत. पण चाचणी परीक्षेत भौतिकशास्त्राचे गुण घसरले आणि आम्ही दोघांनी एका रात्रीत निकाल देऊन टाकला : फिरणे बंद, फोटो बंद.

पंधरा दिवसांत काय झाले? अभ्यास वाढला नाही. मुलगा सकाळी उठेनासा झाला, फजर घरीच आणि तीही घाईत होऊ लागली, जेवताना बोलणे कमी झाले. शेवटी त्याची दादी म्हणाली, "पोराचं पाऊल बांधलंत, पण डोळा कशात अडकलाय ते पाहिलंत का?"

मग आम्ही तिघे वही घेऊन बसलो. आठवड्याचे तास १६८. झोपेचे रोज ८ धरून ५६. कॉलेज आणि एसटीचा प्रवास मिळून सहा दिवसांचे ४२. घरचा अभ्यास २९. नमाज, जेवण, अंघोळ, घरची कामे यांचे २१. बेरीज १४८. म्हणजे २० तास शिल्लक राहायला हवे होते. ते जात कुठे होते? फोनमध्येच त्याचा हिशेब निघाला. सकाळचे फिरणे आठवड्याला पाच तासही नव्हते. पण रात्री इशानंतर तेच फोटो सजवणे, स्टेटसला लावणे, कोणी पाहिले ते तपासणे आणि मग दुसऱ्यांचे पाहत बसणे यात सतरा तास जात होते. त्यातले बरेच झोपेतून कापलेले होते. आम्ही बंद केले होते फिरणे. खरा खड्डा होता रात्रीचा.

त्या दिवशी आम्ही मुलाची माफी मागितली. आई-वडिलांनी मुलाची माफी मागणे आपल्याकडे अवघड वाटते. पण त्यानंतर त्याने स्वतःच वेळापत्रक मांडले. सोमवार, बुधवार, शुक्रवार फजरनंतर पाऊण तास फिरणे. रविवारी दोन तास. फोटो निवडायचे ते फक्त रविवारी जोहरनंतर, एक तास. रोज इशानंतर फोन अम्मीच्या कपाटात. चाचणीच्या आठवड्यात फिरणे अर्धे, पण पूर्ण बंद नाही.

आमचा भाचा जर्मनीत शिकतो. त्याला हे सांगितले तेव्हा तो हसला. तिकडे डिसेंबरात दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. वर्ग आणि काम सांभाळून उजेड पाहायचा तर दोन तासिकांच्या मधली वेळच गाठावी लागते. तोही बर्फातून चालतो आणि फोटो काढतो. त्याने आमच्या मुलाला एक उपयोगी गोष्ट शिकवली. कॅमेरा समोरचे सगळे मध्यम करड्या उजेडाचे आहे असे धरून चालतो. म्हणून पांढरा बर्फ फोटोत मळकट दिसतो. तेव्हा उजेड थोडा वाढवून घ्यायचा. आपल्याकडे बर्फ नाही, पण धुके आणि वेचणीला आलेला कापूस यांनाही हाच नियम लागू. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात ठेवायचा, हेही त्याचेच.

मुलाला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. अकरावीत प्रकाशाचा धडा पाठ करताना त्याला ठाऊक नव्हते की सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी काहिरा येथे 'किताब अल-मनाझिर' लिहिली, वस्तूकडून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसते हे मांडले, आणि अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणारा उजेड तपासला. कॅमेऱ्याची मूळ कल्पना हीच. आपल्याच जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या लेण्यांत रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ पासून चित्रांच्या नकला करत होता. पुढे त्याने तिथे कॅमेराही आणला. त्याच्या बहुतेक नकला लंडनमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. ही हकीकत वाचून मुलाने निवडक फोटोंची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवायला सुरुवात केली.

काही नियम आम्ही घातले. डांबरी रस्त्याने जायचे नाही. धुक्यात ट्रॅक्टर आणि गाड्यांना माणूस दिसत नाही. अंगावर फिकट रंगाचा कपडा. शेतात कामाला आलेल्या बायांचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि काढला तरी स्टेटसला लावायचा नाही. धरणाच्या पाण्याजवळ एकट्याने उतरायचे नाही. परीक्षा संपल्यावर गौताळा अभयारण्य आणि पितळखोऱ्याची लेणी पाहायला सगळ्यांनी मिळून जायचे, हे मात्र त्याने आमच्याकडून कबूल करून घेतले.

सराव परीक्षेत भौतिकशास्त्र सुधारले. गणित अजून कच्चे आहे. त्यासाठी शनिवारची संध्याकाळ राखली आहे. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. निकाल काय लागेल ते अल्लाह जाणे. मेहनत आमच्या हाती.

ज्यांच्या घरी असेच मूल आणि असाच फोन आहे, त्या पालकांना आमचे एवढेच सांगणे : काही बंद करण्याआधी मुलाबरोबर बसून आठवड्याचे तास मांडा. चोर कोणत्या दाराने येतो ते कळल्याशिवाय भलतेच दार लावून घेऊ नका. आम्ही लावले होते. आता बुधवारी कधीकधी त्याचे अब्बाही त्याच्याबरोबर निघतात. धुक्यात दोघे फारसे बोलत नाहीत, पण घरी येतात तेव्हा चहा एकत्र पितात.