रेवदंड्याच्या शाळा आणि परदेशी मिशनरी

मॉर्मन पंथाचे तरुण अठराव्या वर्षापासून घरदार सोडून दोन वर्षे जोडीजोडीने परमुलखात जातात. आधी तिथली भाषा शिकायची, मग शिकवायचे. त्यांची शिकवण आपल्या ख्रिस्तसभेच्या श्रद्धेशी जुळत नाही. परंतु अशा मिशनरी जीवनाची ओळख रायगडच्या किनाऱ्याला जुनी आहे.

फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल हे अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनरी मुंबईत उतरले. वय अवघे २८. कंपनी सरकारने परतीचा हुकूम दिला. त्यांनी गव्हर्नर नेपियन यांच्याकडे दाद मागितली व ते राहिले. मराठी शिकून ते बाजारांत, देवळांजवळ लोकांशी बोलू लागले. पुढे त्यांच्या मिशनने रेवदंडा, चौल, अलिबाग परिसरात मराठी शाळा चालविल्या. काही शिक्षक बेने इस्राएल, म्हणजे आपले शनिवार तेली बांधव होते. त्यांची मुले तेथे शिकली. बाप्तिस्मा घेणारे विरळाच. परंतु जुना करार मराठीत वाचणारी पिढी मात्र घडू लागली.

२० मार्च १८२६ रोजी हॉल नाशिक भागातील प्रवासात पटकीने वारले. जवळची औषधे त्यांनी आजाऱ्यांना वाटून टाकली होती. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पूर्ण झाला.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले किती, हे आपण दर रविवारी मोजतो. त्यांच्या घरची भाषा आपण शिकलो का, हेही स्वतःला विचारावे, असे आम्हांस वाटते.