एसक्यूएल वापरताना नवशिक्यांना येणाऱ्या अडचणी

एसक्यूएल ही संबंधात्मक डेटाबेसमधील माहिती साठवण्यासाठी, शोधण्यासाठी व बदलण्यासाठी वापरली जाणारी भाषा आहे. आज्ञेच्या रचनेत चूक झाल्यास डेटाबेस तसा संदेश देतो व दुरुस्ती सोपी जाते. आज्ञा बिनचूक असूनही उत्तर चुकीचे येते, तेव्हा मात्र कोणताही संदेश येत नाही. नवशिक्यांच्या बहुतेक गंभीर अडचणी या दुसऱ्या प्रकारच्या असतात.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांच्या शेतजमिनींच्या नोंदी हे या अडचणी समजून घेण्यास सोयीचे उदाहरण आहे. सातबारा उतारा गाव नमुना ७ (अधिकार अभिलेख) व गाव नमुना १२ (पीक नोंदवही) यांचा मिळून बनतो. अशा नोंदींत क्षेत्र किंवा नाव चुकल्यास त्याचा परिणाम थेट खातेदारावर होतो. पुढील उदाहरणांतील सारण्या केवळ स्पष्टीकरणासाठी असून त्या शासकीय प्रणालीची प्रत्यक्ष रचना दर्शवीत नाहीत.

पार्श्वभूमी

संबंधात्मक प्रतिमान एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएम या कंपनीत काम करीत असताना मांडले. त्यावर आधारित भाषा डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये 'सीक्वल' या नावाने प्रसिद्ध केली. तीच पुढे एसक्यूएल झाली. तिचे पहिले अमेरिकी प्रमाणक १९८६ मध्ये निघाले.

ओळीची ओळख

सारणीतील प्रत्येक ओळ निःसंदिग्धपणे ओळखता यावी, यासाठी प्रायमरी की ठरवावी लागते. नवशिका बहुधा गट क्रमांकालाच प्रायमरी की करतो. परंतु गट क्रमांक प्रत्येक गावात नव्याने सुरू होतात, गट १२५ काटेवाडीत (ता. बारामती) असू शकतो, तसाच सणसरमध्येही (ता. इंदापूर). म्हणून गावाचा संकेतांक, गट क्रमांक व उपविभाग या तिन्हींची मिळून संयुक्त की करावी लागते.

गावाचे नाव हीदेखील विश्वसनीय ओळख नव्हे. 'माळेगाव बुद्रुक', 'माळेगाव बु.' आणि 'माळेगाव बु' ही डेटाबेसच्या दृष्टीने तीन वेगळी गावे होत. नावे एका स्वतंत्र सारणीत एकदाच लिहावीत व इतरत्र फॉरेन कीद्वारे केवळ संकेतांक वापरावा.

जोडणीतील चुका

दोन सारण्या जोडण्याच्या क्रियेस जॉईन म्हणतात. एका गटाचे क्षेत्र १ हेक्टर २० आर असून त्याचे तीन सहधारक आहेत, असे समजू. गटांची सारणी सहधारकांच्या सारणीशी जोडली की तीन ओळी मिळतात आणि क्षेत्राची बेरीज ३ हेक्टर ६० आर येते. जमीन तिप्पट झालेली नसते. एकच ओळ तीनदा मोजली गेलेली असते. प्रत्येक धारकाच्या वाट्याचे क्षेत्र सहधारकांच्या सारणीत नोंदवावे, अथवा एकूण क्षेत्राची बेरीज जोडणीपूर्वीच करावी.

याउलट, इनर जॉईनमध्ये ओळी गळतात. सुपे परिसरातील एखाद्या जिरायत गटाची खरिपाची नोंद नसेल, तर पीक सारणीशी जोडताच तो गट यादीतून नाहीसा होतो. तो टिकवण्यासाठी लेफ्ट जॉईन वापरतात. 'हंगाम खरीप असावा' ही अट मात्र 'व्हेअर'मध्ये न घालता जोडणीच्या 'ऑन' अटीतच घालावी. अन्यथा गळलेला गट परत येत नाही.

नल मूल्य

नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामे अक्षरही नव्हे. मूल्य अज्ञात असल्याची ती खूण आहे. त्यामुळे 'पीक = नल' ही अट कधीच खरी ठरत नाही; तेथे 'इज नल' असे लिहावे लागते. पीक न नोंदवलेले गट शोधताना 'नॉट इन' वापरले आणि पीक सारणीत एकाही ओळीत गट क्रमांक नल असला, तर एकही गट मिळत नाही. अशा वेळी 'नॉट एक्झिस्ट्स' सुरक्षित ठरते.

देवनागरी मजकूर व अंक

मराठी अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे दिसत असल्यास अक्षरसंच चुकलेला असतो. मायएसक्यूएलमध्ये डेटाबेस, सारणी व जोडणी या तिन्ही ठिकाणी 'यूटीएफ८एमबी४' ठेवावा. प्रश्नचिन्हे होऊन साठवली गेलेली मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. ती पुन्हा भरावी लागतात.

'बऱ्हाणपूर'मधील 'ऱ्ह' टंकलिखित करण्याच्या एकाहून अधिक पद्धती आहेत. डोळ्यांना शब्द एकच दिसतो; पण संकेतांक भिन्न असल्याने शोधात तो सापडेलच असे नाही. त्याचप्रमाणे, देवनागरी अंकांत लिहिलेला १२५ व आंतरराष्ट्रीय अंकांतील १२५ हे मजकूर म्हणून वेगळे असतात. दोन्हींचे प्रमाणीकरण माहिती भरतानाच करावे.

क्षेत्राचे मापन

सातबारावरील क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर अशा तीन भागांत असते. १ हेक्टर ५ आर हे क्षेत्र '१.५' असे भरल्यास डेटाबेस ते दीड हेक्टर, म्हणजे १ हेक्टर ५० आर समजतो. हा फरक ४५ आर, अर्थात एका एकराहून अधिक आहे. सर्व क्षेत्र चौरस मीटरमध्ये (१ आर = १०० चौ. मी.) संख्या म्हणून साठवणे हा यावरील सरळ उपाय होय. हेक्टरच ठेवायचे असल्यास 'डेसिमल' प्रकार वापरावा. 'फ्लोट' प्रकारात दशांश अपूर्णांक तंतोतंत साठतातच असे नाही.

बदल व व्यवहार

'अपडेट' आज्ञेत 'व्हेअर' विसरल्यास सारणीतील सर्व ओळी बदलतात. एका खातेदाराचे नाव साऱ्या गावाला लागते. प्रथम तीच अट 'सिलेक्ट'मध्ये चालवून ओळी मोजाव्यात. नंतर व्यवहार (ट्रान्झॅक्शन) सुरू करून बदल करावा, पडताळावा आणि मगच 'कमिट' करावे. चूक आढळल्यास 'रोलबॅक' करावे.

महसुली पद्धतीतही असाच विवेक आहे. बदल प्रथम गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहिला जातो, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. शिवाय जुनी नोंद मागे शिल्लक राहते. अपडेट आज्ञा मात्र जुने मूल्य पुसते. म्हणून बदलांचा इतिहास हवा असल्यास त्यासाठी वेगळी सारणी ठेवावी लागते.